येणारं दौंडला, जाणारं खडकीला

मोबाइलवर नवं ईमेल खातं जोडायला बसलं की पहिले दोन रकाने कुणालाही भरता येतात: नाव आणि पत्ता. मग 'इनकमिंग सर्व्हर' आणि 'आउटगोइंग सर्व्हर' असे दोन रकाने समोर येतात आणि भलेभले गप्प होतात. पुण्यात माणूस गप्प होण्याचे प्रसंग एकूणच कमी, त्यामुळे या दोन रकान्यांबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे.

गप्प बसून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला. दोन कशाला? एकाच वायरीतून येतं-जातं ना सगळं?

या प्रश्नाचं उत्तर पुणे जिल्ह्याने 1927 सालीच देऊन ठेवलेलं आहे. त्या वर्षी 23 जुलैला हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातली बिनतारी 'बीम' सेवा सुरू झाली. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. विलायतेला संदेश पाठवणारं केंद्र होतं खडकीला आणि विलायतेहून आलेला संदेश झेलणारं केंद्र होतं दौंडला; मध्ये सुमारे पाऊणशे किलोमीटर. पलीकडे इंग्रजांनीही तेच केलं होतं: पाठवायला टेटनी, घ्यायला विन्थॉर्प. यात थाटाचा भाग काही नव्हता. पाठवणारं यंत्र इतक्या मोठ्यांदा बोलतं की शेजारी बसलेल्या ऐकणाऱ्या यंत्राला सातासमुद्रापलीकडून आलेला बारीक आवाज ऐकूच येत नाही. म्हणून बोलणारा खडकीला, ऐकणारा दौंडला. गृहनिर्माण संस्थांच्या सभांना हीच व्यवस्था लागू करावी असं मी अनेकांना सुचवून पाहिलं आहे. तत्त्व सगळ्यांना पटतं, पण दौंडला जायला कुणी तयार होत नाही.

ईमेलच्या बाबतीत भानगड वेगळी. 1982 साली जॉन पोस्टेल यांनी पत्र पोचवण्याचे नियम लिहिले, तेच आजचं एसएमटीपी. तेव्हाची यंत्रं अवाढव्य आणि दिवसरात्र चालू. पत्र यंत्रावर येऊन पडायचं आणि माणूस यंत्रापाशी जाऊन ते वाचायचा. पुढे टेबलावरचे छोटे कॉम्प्युटर आले आणि लोक संध्याकाळी ते बंद करून घरी जाऊ लागले. बंद यंत्राला पत्र पोचवणार कसं? तेव्हा पत्र एका जागत्या यंत्राने धरून ठेवायचं आणि मालकाने सवडीने येऊन न्यायचं, अशी तोड निघाली. नेण्याच्या रीती दोन. पॉप म्हणजे पत्र घरी न्यायचं आणि तिथली प्रत पुसून टाकायची. आयमॅप म्हणजे पत्र तिथेच ठेवायचं, आपण फक्त वाचायला जायचं. ही रीत मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्डला बसवली. थोडक्यात, पाठवणं आणि आणणं ही कामं वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या गरजेपोटी उभी केली, आणि दोन्ही एका रकान्यात कोंबायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

हे सगळं मी आमच्या चेअरमनसाहेबांना सांगायला घेतलं, तर त्यांनी मला दुसऱ्याच वाक्याला थांबवलं.

"म्हणजे आवक आणि जावक. मग सरळ तसं सांगा ना."

चेअरमनसाहेबांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली. त्यांच्या हिशेबी जगात दोनच प्रकारचे कागद असतात: ज्याला क्रमांक पडला आहे असा आणि ज्याला पडलेला नाही असा. त्यातला दुसरा कागद मुळात अस्तित्वातच नसतो. आमची सोसायटी कोथरूडची, 84 सभासदांची, आणि सोसायटीचा स्वतःचा ईमेल सर्व्हर असावा ही कल्पना त्यांचीच. "आपल्या इमारतीची पत्रं अमेरिकेतल्या कुणाच्या तरी कपाटात कशाला?" असा त्यांचा सवाल होता. ईमेलची पेटी भाड्याने मिळते, असं मी म्हणून पाहिलं. "सोसायटी स्वतःच्या जागेत आहे," ते म्हणाले, आणि विषय संपला.

कमिटीची खरी इच्छा मात्र अर्ध्याच सर्व्हरची होती. जावक हवी, आवक नको. नोटिसा गेल्या पाहिजेत. गुरुवारी पाणी बंद, मेंटेनन्स थकला, गॅलरीतून चटया झटकू नयेत. उत्तर येण्याची सोय कशाला करायची? खजिनदारांनी तर आवकीचा खर्च वेगळा दाखवा, म्हणजे तो कापता येईल, असंही सुचवलं.

काम कुणी करायचं हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांना दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा आठवला. भाडेकरू, अविवाहित, हिंजवडीला नोकरी. त्याच्यावर कमिटीचा पहिल्यापासून डोळा होता. रात्री उशिरा येणं, दुचाकी दुसऱ्याच्या जागेत लावणं आणि लिफ्टमध्ये मोठ्याने हसणं, अशा तीन नोटिसा त्याला पोचलेल्या होत्या. आता त्यालाच बोलावून "बाळा, नोटिसा पाठवायचा सर्व्हर बसवून देशील का?" असं विचारण्यात आलं. तो "हो काका" म्हणाला. हिंजवडीला रोज ये-जा करणाऱ्या माणसाची सहनशक्ती निराळीच असते.

जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर मांडला गेला. पत्रांची ने-आण करायला पोस्टफिक्स आणि ती वाचू द्यायला डव्हकॉट, असे दोन प्रोग्रॅम त्याने एका रात्रीत चढवले. दोन्ही फुकट आहेत हे ऐकून खजिनदारांच्या कपाळाला आठी पडली. आज फुकट देणारा उद्या काय मागेल, हे त्यांना बिल्डरच्या अनुभवावरून ठाऊक होतं.

चेअरमनसाहेबांना पत्ता मराठीत हवा होता. हे अशक्य नाही. डॉट भारत हे देवनागरी डोमेन 2014 पासून मिळतं, आणि पत्त्यात देवनागरी चालावी म्हणून एसएमटीपीत 2012 मध्येच दुरुस्ती झालेली आहे. फक्त वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ती दुरुस्ती मान्य असावी लागते. एकाला नसली की पत्र परत. सभासदांतले निम्मे अजून कंपनीच्या जुन्या ईमेलवर आहेत हे लक्षात आल्यावर रोमन पत्त्यावर तडजोड झाली, ती निषेध नोंदवून.

आणि मग नको असलेली आवक तत्काळ सुरू झाली. आवकीचं असंच असतं. डोमेनच्या नोंदींमध्ये 'आमची पत्रं या यंत्राकडे आणा' अशी एक ओळ लिहायची, तिला एमएक्स म्हणतात, की जगातला कुठलाही सर्व्हर पत्र आणून टाकायला मोकळा. तुमचं यंत्र जुनं आहे, मीटरच्या खोलीत आहे, वीज गेली की बंद पडतं, याची त्याला फिकीर नसते. यंत्र बंद असलं तर पाठवणारा सर्व्हर पत्र स्वतःकडे ठेवतो आणि चार-पाच दिवस अधूनमधून येऊन पाहून जातो. इतका सोशिक कुरिअरवाला मी तरी पाहिलेला नाही. सोसायटीला आलेलं पहिलं पत्र एका अनोळखी कंपनीचं होतं. तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणून देतो म्हणणारं. सोसायटीला वेबसाइट नव्हती. चेअरमनसाहेबांनी त्याला आवक क्रमांक 1 दिला, विषयपत्रिकेवर घेतलं आणि रीतसर उत्तराचा मसुदा केला. तो पाठवता आला नाही, कारण जावक अजून सुरू व्हायची होती.

जावक बघायला ते स्वतः मीटरच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. मुलाने दोन सर्व्हरांमधलं संभाषण पडद्यावर उघडलं. आपला सर्व्हर जोडणी मागतो, समोरचा 220 म्हणतो. आपला 'हेलो' म्हणून नाव सांगतो. हे हेलो एकाच एलचं, कारण या भाषेतली मूळची क्रियापदं रोमन चार अक्षरांत बसवलेली आहेत. उत्तर, 250. पत्र कुणाकडून? 250. कुणासाठी? 250. मजकूर सांगू? 354, सांगा. मजकूर संपल्याची खूण म्हणून एका ओळीवर नुसतं टिंब. 250. निघतो. 221. संपलं! पाऊसपाणी, तब्येत, मुलाचं जमलं का, काही नाही. 2 ने सुरू होणारं उत्तर म्हणजे काम झालं, 4 ने सुरू होणारं म्हणजे आत्ता नाही, नंतर या, आणि 5 ने म्हणजे पुन्हा येऊच नका. अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा आला की त्याला मुद्दाम 4 चं उत्तर देऊन परत पाठवण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. खरा असेल तर थोड्या वेळाने पुन्हा येतो, लुच्चा असेल तर पुढच्या दाराला जातो. इथे दुपारी एक ते चारचा विनोद अपेक्षित आहे. तो मी करणार नाही.

"बोलणं मुद्देसूद आहे," चेअरमनसाहेब म्हणाले. "पण जावक क्रमांक कुठे पडतो?"

मुलाने दाखवलं. रांगेत लागणाऱ्या प्रत्येक पत्राला सर्व्हर स्वतःचा क्रमांक देतो. शिवाय पत्र वाटेत ज्या ज्या सर्व्हरच्या हातून जातं, तो प्रत्येक जण वरच्या बाजूला आपलं नाव आणि सेकंदापर्यंतची वेळ लिहून पुढे देतो. सगळ्यांत ताजी नोंद सगळ्यांत वर. चेअरमनसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "प्रत्येक टेबलावर शिक्का आणि वेळ," ते म्हणाले. "जन्मभर हेच सांगत होतो. ऐकलं कुणी? शेवटी अमेरिकनांनी केलं."

एवढं कौतुक होऊनही पत्र काही जाईना. कारण सर्व्हर एकमेकांशी ज्या 25 क्रमांकाच्या पोर्टावर बोलतात, तेच इंटरनेट कंपनीने बाहेरच्या दिशेने बंद करून ठेवलं होतं. घरगुती कॉम्प्युटरांत व्हायरस शिरून ते मालकाच्या नकळत हजारो पत्रं पाठवत सुटतात, म्हणून अनेक कंपन्या हे करतात, आणि ते योग्यच आहे. मुलाने कस्टमर केअरला फोन लावून पोर्ट 25 उघडायला सांगितलं. तिकडून नम्र आवाज आला, "सर, पोर्ट म्हणजे राउटरच्या मागचं ना? वायर काढून परत बसवून बघा." बरेच फोन झाल्यावर कायमस्वरूपी आयपी क्रमांक मिळाला, पोर्ट उघडलं. मग उलटी नोंद हवी. नावावरून क्रमांक तर सगळेच सांगतात, पण क्रमांकावरून नाव सांगणारी नोंद असल्याशिवाय मोठे सर्व्हर दारात उभं करत नाहीत, आणि ती नोंद फक्त इंटरनेट कंपनीलाच करता येते. पुन्हा फोन. पुन्हा वायर.

पूर्वी असं नव्हतं, हे वाक्य पुण्यात कशाबद्दलही म्हणता येतं, पण ईमेलबद्दल ते खरोखर खरं आहे. आयुका 1988 मध्ये स्थापन झाली, आणि तिथल्या खगोलशास्त्रज्ञांच्या पत्त्याच्या शेवटी कित्येक वर्षं 'अर्नेट डॉट इन' असायचं; अर्नेट म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं. आकाशगंगांचा अभ्यास करणाऱ्यांना पृथ्वीवरून उत्तर यायचं ते त्या वाटेने. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 पासून खाती द्यायला सुरुवात केल्यावर. पुण्याचा पत्ता होता 'जीआयएएसपीएन झीरो वन डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन'. हा पत्ता एसटीडी बूथवरून अमेरिकेतल्या भाच्याला सांगणारे मामा मी पाहिले आहेत. मीटर पळत असायचं आणि मामा 'पीएन म्हणजे पी फॉर पुणे' इथेच असायचे. त्या काळात पत्र आणायला पासवर्ड लागे, पाठवायला लागत नसे. पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारायची रीतसर पद्धत 1999 मध्ये ठरली. त्याआधी कुणाचंही पत्र कुणाच्याही सर्व्हरने पुढे ढकलावं हा साधा शेजारधर्म होता. तो ज्यांनी नासवला त्यांचा मूळपुरुष गॅरी थर्क. 3 मे 1978 रोजी त्याने आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे 400 जणांना एकदम पाठवली. त्याची वंशवेल इतकी फोफावली की सेंडमेल या तेव्हाच्या सर्वांत बड्या मेल-सर्व्हर प्रोग्रॅमने 1998 मध्ये परक्यांची पत्रं पुढे ढकलणं बंद केलं. तेव्हापासून ऐकून घेणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, बोलू पाहणाऱ्याला मात्र कागदपत्रं मागतात. मला विचाराल तर ही सुधारणा ईमेलपुरती ठेवण्याचं काही कारण नव्हतं.

कागदपत्रं तीन: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. 2024 च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. छोट्यांनीही ठेवलेली बरी. मुलगा समजावत होता आणि चेअरमनसाहेब आपल्या भाषेत लिहून घेत होते. एसपीएफ म्हणजे या डोमेनच्या नावाने कोणत्या यंत्रांनी पत्र पाठवावं त्याची जाहीर यादी. "जावक लिपिकांची नेमणूक." डीकिम म्हणजे प्रत्येक पत्रावर गुप्त किल्लीने उमटवलेली खूण, मजकुरात काना-मात्रा बदलला तरी न जुळणारी. "गोल शिक्का." डीमार्क म्हणजे यादी आणि खूण दोन्ही जुळली नाहीत तर पत्राचं काय करावं आणि कळवावं कुणाला, याची सूचना. "परिपत्रक." आयटीतल्या माणसांना हे समजायला आठवडा लागतो असं मुलगा मला नंतर म्हणाला. काकांना फक्त इंग्रजी नावं विनाकारण वाटली.

तरीही पहिली पत्रं गेली ती थेट स्पॅममध्ये. कालपर्यंत ज्या क्रमांकावरून एकही पत्र निघालं नव्हतं तिथून आज 84 जणांना एकच मजकूर जातो आहे, हे बड्या सर्व्हरांना संशयास्पद वाटतं. आधी थोडी पाठवा, ओळख वाढू द्या, मग वाढवा, असं मुलाने सुचवलं. पण वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी जायलाच हवी. तेव्हा आज ए विंग, उद्या बी विंग असं ठरलं. ए विंगला आधी का, या विषयावर बी विंगचं पत्र लगेच आलं. आवक क्रमांक 31. त्याच आठवड्यात दुचाकीबद्दलची चौथी नोटीस मुलालाही गेली. ती त्याच्या स्पॅममध्ये पडली, ती त्याने स्वतः शोधून काढली, 'स्पॅम नाही' हे बटण दाबलं आणि सर्व्हरची पत वाढवली.

मध्यंतरी आवकही बिनसली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गळतीची तक्रार पाठवली. सेक्रेटरीबाईंनी मोबाइलवर पाहिलं तर पेटी रिकामी. काकू म्हणतात पाठवली, बाई म्हणतात आली नाही, आणि सर्व्हरची नोंदवही म्हणते आली, वेळेसकट. जिन्यात आवाज चढले. शेवटी कळलं की चेअरमनसाहेबांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पुतण्याने पॉप जोडून दिलं होतं. ते यंत्र दर दहा मिनिटांनी सोसायटीची सगळी पत्रं घरी आणायचं आणि पेटी झाडून साफ करायचं. चेअरमनसाहेबांना यात काहीच वावगं दिसेना. मूळ प्रत अध्यक्षांकडेच राहते, त्यांनी सांगितलं. आयमॅपवर यायला ते तयार झाले, पण आपण वाचलेलं पत्र वाचलेलं आहे हे सेक्रेटरीबाईंना दिसू नये, अशी काही सोय आहे का, असं त्यांनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं.

आता जावक सुरळीत आहे. डीमार्कमुळे आणखी एक गोष्ट सुरू झाली. परिपत्रकात चेअरमनसाहेबांनी आपला पत्ता घातलेला, त्यामुळे जगातल्या बड्या बड्या कंपन्या त्यांना रोजचा अहवाल पाठवू लागल्या: काल तुमच्या नावाने इतकी पत्रं आली, इतक्यांची खूण जुळली. अहवाल यंत्रांनी वाचण्यासाठी असतो, नुसत्या कंसांचा आणि आकड्यांचा. चेअरमनसाहेब तो छापून घेतात, आवक क्रमांक टाकतात आणि टॅग लावून फायलीला जोडतात. त्यांनी एका अहवालाला पोच म्हणून आभाराचं पत्र पाठवलं, तर ते परत आलं. त्या पत्त्यावर उत्तरं घेत नाहीत. "नुसती जावक ठेवली आहे बेट्यांनी," ते म्हणाले, आणि आवाजात किंचित हेवा होता.

वार्षिक सभा ठरल्या वेळी कोरमअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच माणसांनिशी सुरू झाली. नोटीस मिळाली नाही, असं तिघांनी उठून सांगितलं. दरवर्षी हेच तिघे सांगतात. पण या वर्षी चेअरमनसाहेबांनी नोंदवहीतली पानं काढून तिघांच्या नावापुढचं 250 वाचून दाखवलं. तिघांतले एक वकील आहेत. ते म्हणाले, 250 म्हणजे माझ्या कंपनीच्या सर्व्हरने पत्र पोचवायची जबाबदारी घेतली. मी घेतली असं त्यात कुठे आहे? तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं, आणि त्यामुळे चर्चा टाकीच्या दुरुस्तीपेक्षा लांबली. अखेर ईमेलने पाठवलेली प्रत्येक नोटीस वॉचमनने दाराखालूनही सरकवावी, असं ठरलं. अमेरिकेतून दररोज येणाऱ्या पत्रांची सभेने नोंद घेतली. आयत्या वेळच्या विषयांत एकच विषय होता: दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा करार आणखी अकरा महिन्यांनी वाढवायला घरमालकाला सोसायटीची हरकत नाही. सूचक खजिनदार, अनुमोदक सेक्रेटरीबाई. सर्व्हरचा पासवर्ड त्या मुलाखेरीज कुणाकडेच नाही, हे तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.